खो-खो तोट्यात कसा, ते आधी दाखवा : आमच्या क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आणि तिच्यासोबतचे टिपण मिळाले. टिपणात तीन प्रस्ताव आहेत. खो-खो आणि मल्लखांबाचे संध्याकाळचे वर्ग आठवड्यातून तीन दिवसांवर आणायचे, मुलांची मासिक वर्गणी वाढवायची आणि सभागृह पाच वर्षांच्या कराराने एका केटरिंगवाल्यांना चालवायला द्यायचे. तिन्ही प्रस्तावांखाली कारण एकच, तेही एका ओळीत : ‘क्रीडा विभाग सातत्याने तोट्यात असल्यामुळे’.

मी सहकारी बँकेच्या तपासणी विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. दुसऱ्यांच्या वह्या वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे अशी एक ओळ दिसली की हात आपोआप मागची पाने उलटतात. म्हणून सूचनेसोबतचे उत्पन्न-खर्च पत्रक नीट वाचले. क्रीडा विभाग तोट्यात आहे, असे त्या पत्रकात कुठेही लिहिलेले नाही. लिहिता येणारही नाही, कारण त्या पत्रकात क्रीडा विभागच नाही. खर्चाच्या बाजूला ‘वीज’, ‘पगार व मानधन’, ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ’ असे एकेक ठोक आकडे आहेत. जमेच्या बाजूला ‘वर्गणी’, ‘सभागृह भाडे’, ‘शिबिरे’, ‘व्याज’. विजेच्या ठोक आकड्यातली किती वीज खो-खोने वापरली आणि किती लग्नाच्या स्वागत समारंभांनी, हे या पत्रकावरून हिशेबतपासनिसांनाही सांगता येणार नाही. मग तोटा कुणी काढला आणि कसा काढला?

चौकशी केली तेव्हा कार्यालयातून उत्तर मिळाले की एकूण खर्चाला सभासदसंख्येने भागले, माणशी खर्च काढला आणि तो मुलांच्या वर्गणीशी ताडून पाहिला. उत्तर प्रामाणिकपणे दिले, त्याबद्दल आभार. पण हा भागाकार चालणार नाही. या पद्धतीने सभागृहातल्या वातानुकूलनाचे बिल, व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलची दुरुस्ती आणि पार्किंगच्या फरसबंदीचा खर्च मातीवर अनवाणी पळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर माणशी वाटला जातो. कुटुंबात दोन कमावते आणि चार शिकते असतील, तर घरखर्चाला सहाने भागून शिकत्या पोरांना कुणी ‘तोट्यातले’ ठरवत नाही.

विजेचेच उदाहरण घेऊ. खो-खोच्या मैदानावर ४०० वॉटचे सहा दिवे आहेत असे धरा. सगळे लावले तर २.४ किलोवॉट. अडीच तास सराव चालला तर संध्याकाळचे सहा युनिट. सभागृहात दहा टनांची वातानुकूलन यंत्रणा असेल तर ती तासाला साधारण दहा-बारा युनिट घेते. समारंभ सहा तास चालला तर साठ-सत्तर युनिट, शिवाय स्वयंपाकघर, रोषणाई, ध्वनियंत्रणा. म्हणजे एका स्वागत समारंभाच्या नुसत्या गारव्यात खो-खोच्या दहा संध्याकाळी निघतात. आणि हे झाले वापरलेल्या युनिटांचे. सभागृहासाठी मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर झालेली कमाल क्षमता, वाढवून घेतला की स्थिर आकारही, म्हणजे युनिटांशिवाय दर महिन्याला लागणारी रक्कमही, वाढतो. मंजूर भार २० किलोवॉटच्या वर गेला की तो आकार मागणीच्या प्रमाणात दर महिन्याला भरावा लागतो, मग त्या महिन्यात मुहूर्त असो वा नसो. चातुर्मासात सभागृह रिकामे असते तेव्हाही ते पैसे जातात, आणि आपल्या पत्रकात ते ‘वीज’ या एकाच शीर्षाखाली मैदानाच्या दिव्यांशेजारी बसतात. यावर इलाज अवघड नाही. सभागृह, व्यायामशाळा आणि मैदान यांना वेगवेगळे उपमीटर बसवा. एकदाच येणारा खर्च आहे, आणि एका वर्षात कुणाचे बिल कोण भरते ते कळेल.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर, मैदानावरचे जुने दिवे काढून एलईडी लावायची सूचना मी मागेही लेखी दिली होती. ती फाईल कुठे आहे?

आता वेळेकडे येते, कारण माझे खरे म्हणणे तिथेच आहे. मंडळाकडे विकायला आणि वाटायला जमीन नाही, पैसा नाही. आहेत ते तास. सकाळी सहा ते रात्री दहा धरले तर दिवसाचे सोळा आणि आठवड्याचे ११२ तास. पण हे ११२ तास सारख्या मोलाचे नाहीत. पहाटे सहा ते आठ ही वेळ चालणाऱ्यांची आणि योगवाल्यांची. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ही शाळा-क्लासमधून सुटलेल्या मुलांची. नोकरदारांना हीच वेळ हवी, बॅडमिंटनवाल्यांना हीच, आणि लग्नाच्या स्वागत समारंभाला तर हीच. सकाळी दहा ते दुपारी चार आपला दिंडी दरवाजा ओढून घेतलेला असतो आणि आत शिपाई पेपर वाचत बसतो. म्हणजे आठवड्याच्या ११२ तासांपैकी खरी ओढाताण आहे ती संध्याकाळच्या एकवीस तासांवर. आणि टिपणातले पहिला आणि तिसरा हे दोन्ही प्रस्ताव त्याच एकवीस तासांवर आहेत.

एका लग्नाला एक संध्याकाळ जाते असे आपण धरतो. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी मांडववाले बांबू आणि गालिचे घेऊन येतात, त्यामुळे मैदानाची एक बाजू बंद. समारंभाची संध्याकाळ पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भांडी आणि पत्रावळी, आणि संध्याकाळी मुले येतात तेव्हा खो-खोच्या पाटीत (खेळाडू बसतात त्या पट्ट्यात) खिळे, टाचण्या, काचा. मातीवर पुन्हा पाणी मारून रूळ फिरवल्याशिवाय अनवाणी सराव करता येत नाही. म्हणजे तीन संध्याकाळी गेल्या. भाड्याची पावती मात्र एका दिवसाची. गेलेल्या दोन संध्याकाळी कोणत्याही वहीत चढत नाहीत, कारण त्यांचे पैसे कुणी दिलेले नसतात. त्यांची किंमत पुढच्या जूनमध्ये दिसते, जेव्हा काही पालक वर्गणी भरायला येतच नाहीत, आणि मग आपण म्हणतो की मुलांना खेळाची आवड राहिली नाही.

आवड आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताने पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत अजिंक्यपद मिळवले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्यानंतरच्या महिन्यात आपल्या मैदानावर नाव घालायला आलेल्या मुलींची रांग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. त्या रांगेला आपण काय सांगितले? ‘आज मैदान बंद आहे, कार्य आहे.’

सभागृह भाड्याने देऊच नये असे मी म्हणत नाही. लग्नाचे भाडे नसते तर मंडळाचे छप्पर गळत राहिले असते, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच की भाड्याच्या खात्यावर भाड्याचा पूर्ण खर्च टाका : वीज, सफाई, जादा पहारा, पाण्याचे टँकर, मैदानाची डागडुजी आणि बंद राहिलेल्या तिन्ही संध्याकाळी. मग जे उरेल ते खरे. त्यातून भाडे वाढवावे लागेल, की दर महिन्याच्या समारंभांना कमाल मर्यादा घालावी लागेल, हे त्या आकड्याकडे पाहून ठरवू. माझा अंदाज आहे की दोन्ही करावे लागेल.

आता तो पाच वर्षांचा करार. इथे मात्र मी मृदू भाषा वापरणार नाही. आपले मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर आधी करार आणि मग परवानगी असे चालत नाही. टिपणात या परवानगीचा शब्दही नाही. ‘भाडेपट्टा म्हणायचेच नाही, चालवण्याचा करार म्हणू आणि अकरा-अकरा महिन्यांनी नवा करू’ अशी कुजबुज कानावर आली आहे. असे करणारी मंडळे आहेत, आणि पुढे त्याच कागदांवरून वर्षानुवर्षे वाद खेळणारी मंडळेही आहेत. शिवाय आपली जागा खेळासाठी नाममात्र भाड्याने मिळालेली सरकारी जागा आहे. मंजुरीच्या आदेशातल्या अटी सभेपुढे वाचून दाखवा. जागा खेळासाठी मिळाली आणि आठवड्यातून चार दिवस तिथे पंगती उठू लागल्या, तर शर्तभंगाची नोटीस आल्यावर केटरिंगवाले उत्तर द्यायला येणार नाहीत.

कराचीही बाजू आहे. ती कंटाळवाणी आहे, पण पैशाची आहे. क्रीडा प्रशिक्षणासारखे काम आयकराच्या दृष्टीने ‘सार्वजनिक उपयोगितेचे’ धर्मादाय काम मानले जाते. अशा संस्थेने व्यापारी स्वरूपाच्या कामातून मिळवलेली रक्कम त्या वर्षीच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेली की त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. ही मर्यादा किती गांभीर्याने घ्यायची हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सांगितले, आणि त्या प्रकरणांत राज्य क्रिकेट संघटनाही होत्या. आता आपल्या पत्रकात सभागृह भाड्याचा वाटा किती आहे ते बघा, आणि सभागृह पूर्णवेळ व्यवसायासाठी दिल्यावर तो किती होईल तेही बघा. सनदी लेखापालांचे लेखी मत घेतल्याशिवाय हा प्रस्ताव सभेपुढे आणू नये.

जीएसटीचेही तसेच. आयकराखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने दिलेल्या खेळाच्या प्रशिक्षणावर जीएसटी नाही. सभागृहाच्या भाड्यावर मात्र १८ टक्के आहे. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमाफ वर्गणीही धरली जाते, हे अनेक खजिनदारांच्या लक्षात येत नाही. म्हणजे जो व्यवहार आपण कमी करायला निघालो त्याला कर माफ आहे, आणि जो वाढवायला निघालो त्यावर कर आहे. शंभर रुपये इकडून आले काय आणि तिकडून आले काय, सारखेच, असा टिपणाचा सूर आहे. ते शंभर रुपये सारखे नाहीत.

आता जरा नाजूक विषय. आजीव सभासद वर्गणी. मी स्वतः आजीव सभासद आहे आणि सोबतच्या प्रस्तावावर सही करणारे बरेच जणही आहेत, म्हणून हे आम्हीच बोललेले बरे. आजीव वर्गणी एकदाच मिळते आणि तिच्या बदल्यात मंडळ त्या माणसाला जन्मभर सेवा देणार असते. तेव्हा ती रक्कम ठेवीत राहावी आणि वर्षाला फक्त व्याज वापरावे, हा साधा व्यवहार. समजा कुणी १५,००० रुपये भरले आणि ठेवीवर सात टक्के व्याज मिळाले. वर्षाचे १,०५० रुपये झाले, म्हणजे महिन्याला नव्वदीच्या आत. तेवढ्यात तो माणूस रोज सकाळी व्यायामशाळेत येतो, कपाट वापरतो, गरम पाण्याने अंघोळ करतो. मुलांची मासिक वर्गणी याहून जास्त आहे. मग तोट्यात कोण आहे?

आणि हे झाले मुद्दल शाबूत असेल तर. गेल्या काही वर्षांत नव्या आजीव सभासदांचे पैसे थेट चालू खर्चात जमा धरले गेले आहेत, असे ताळेबंदातल्या कायम निधीच्या आकड्यावरून दिसते. सभासद वाढले तरी निधी जागचा हललेला नाही. म्हणजे पार्किंगची फरसबंदी आजीव सभासदांच्या मुदलातून झाली. पुढच्या वर्षी पगार द्यायला आणखी आजीव सभासद करावे लागतील, त्यांनाही जन्मभर सेवा द्यावी लागेल. बँकेत आम्ही अशा खात्यावर तांबडी खूण करत असू. आजीव वर्गणीचे दर लगेच वाढवा, नव्या जमेची प्रत्येक पै कायम निधीत टाका आणि जुन्या आजीव सभासदांकडून देखभालीसाठी छोटी वार्षिक रक्कम घ्यायचा ठराव आणा. आरडाओरडा होईल. मी सभेत त्याच्या बाजूने उभी राहीन.

आगाऊ वर्गणीचाही घोळ आहे. उन्हाळी शिबिरे आणि मुलांची वर्षभराची एकदम घेतलेली वर्गणी मिळून एप्रिल ते जूनमध्ये मंडळाकडे पैसाच पैसा दिसतो. तेव्हा खुर्च्या घेतल्या जातात, रंग लावला जातो, वर्धापनदिन दणक्यात होतो. डिसेंबर-जानेवारीत प्रशिक्षकांचे मानधन लांबते आणि ठेव मोडायची चर्चा सुरू होते. त्यावर उपाय म्हणून मुलांची वर्गणी वाढवण्यापेक्षा ती तिमाही घ्या. पालकांना एकरकमी भरणे जड जाते, तेही हलके होईल आणि मंडळाच्या हाती बाराही महिने रोख राहील. जमाखर्चाबरोबर महिनावार रोख किती येईल आणि किती जाईल याचा एक साधा तक्ता खजिनदारांनी केला तर जानेवारीचा धक्का जूनमध्येच दिसेल.

व्यायामशाळेबद्दल थोडेच लिहिते. तिथली बरीच यंत्रे लोकप्रतिनिधींच्या निधीतून आली. उद्घाटनाची कोनशिला यंत्रापेक्षा मोठी आहे, ते असो. खासदार निधी असो की आमदार निधी, तो वस्तू उभी करायला मिळतो. तिची देखभाल, पट्टे, मोटार, वीज मंडळाच्या गळ्यात असते. ‘फुकट मिळाले’ म्हणून आपण त्यावर घसाराही मनापासून धरत नाही. दहा लाखांची यंत्रे आठ वर्षे टिकणार असतील तर दर वर्षी सव्वा लाख बाजूला पडायला हवे, नाहीतर आठव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभे राहायचे. ‘राखीव ठेवले तर आयकर लागतो’ असे मागच्या सभेत सांगण्यात आले. ते अर्धेच खरे आहे. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करायची असते, १५ टक्के तशीच ठेवता येते आणि त्याहून जास्त ठेवायची असेल तर ठरावीक कारण कळवून पाच वर्षांपर्यंत साठवता येते. कारण आपल्याकडे आहे. विहित नमुना वेळेत भरायचा, एवढेच.

याउलट मल्लखांबाला लागते काय? सागवानी खांब, एरंडेल, गाद्या आणि वस्ताद. त्यातला सगळ्यात महाग भाग वस्ताद, आणि त्यांनाच आपण सगळ्यात कमी देतो. वर्षाचे दहाच महिने मानधन, परीक्षांच्या काळात आणि दिवाळीत शून्य. बॅडमिंटनला मात्र वेगळीच व्यवस्था आहे : जमलेल्या शुल्काचा मोठा वाटा प्रशिक्षकांचा आणि उरलेला मंडळाचा. दिसायला सोयीचे, कारण मंडळाला काही करावे लागत नाही. पण त्यामुळे कोर्ट कुणाला द्यायचे, शुल्क किती, तुकडीत किती मुले, हे सगळे प्रशिक्षक ठरवतात, आणि जो भरू शकत नाही तो आपसूक बाहेर राहतो. मंडळ तिथे फक्त घरमालक उरले आहे. शटलकॉकचे भाव एवढे वाढले असताना ते शुल्क आणखी वर जाणार. मला वाटते, सर्व खेळांच्या प्रशिक्षकांना बारा महिने ठरलेले मानधन द्यावे, शुल्क मंडळाने ठरवावे आणि चांगल्या कामाचे जास्तीचे पैसे वेगळे द्यावेत. यावर दुमत असू शकते. बॅडमिंटनचे प्रशिक्षक नाराज होऊन जातील ही भीतीही खोटी नाही. पण चर्चा तरी होऊ द्या.

सवलतींबद्दल एक हिशेबी सूचना आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज एखाद्या मुलीला अर्धी वर्गणी माफ केली तर पावती अर्ध्या रकमेची फाडली जाते. दिलेली सवलत वहीत उमटत नाही, ती ‘कमी जमा’ होऊन तोट्यासारखी दिसते. त्याऐवजी पूर्ण वर्गणी जमेला दाखवा आणि माफ केलेली रक्कम खर्चाला ‘शुल्क सवलत’ म्हणून वेगळ्या खात्यावर टाका. अशाने वर्षअखेरीस मंडळाला सांगता येईल की आपण इतक्या मुलांना इतक्या रुपयांचा खेळ दिला. हा आकडा हातात असला की देणगी मागता येते. ‘मंडळ तोट्यात आहे, मदत करा’ म्हटले तर व्यापारी ५०१ ची पावती फाडून मोकळे होतात. ‘दहा मुलींची वर्षाची वर्गणी उचला’ म्हटले तर तेच व्यापारी किती होतात ते विचारतात.

कंपन्यांचेही असेच. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाखाली, म्हणजे सामाजिक दायित्वाखाली (सीएसआर), ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीत या तरतुदीखाली येणाऱ्या कंपन्या आहेत. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ नोंदणी करावी लागते. आपली झाली आहे का, हे मला कार्यालयातून कळू शकले नाही. झाली असली तरी कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारेल : खो-खोच्या एका मुलावर वर्षाला किती खर्च येतो? त्याचे उत्तर आपल्या ठोक आकड्यांत नाही. म्हणजे ज्या वहीच्या जोरावर आपण खो-खोला तोट्यात काढले, तीच वही त्याला मदत मिळू देत नाही.

आणि त्या रिकाम्या दुपारी! सकाळी दहा ते चार सभागृहात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवता येते. आपल्या गावात खासगी अभ्यासिकांचे पेव फुटले आहे, मुले खुर्चीमागे महिन्याचे पैसे मोजतात, आणि आपली खोल्यांची माडी बंद. त्याच वेळात ज्येष्ठांसाठी बसून करायचे व्यायाम, बाळंतपणानंतर परतणाऱ्या बायकांसाठी वर्ग, दुपारपाळीच्या शाळांतल्या मुलांसाठी सकाळी उशिराचा कॅरम आणि टेबल टेनिस. यातले सगळे चालेल असे नाही. योगवर्ग चालतील, झुंबा कदाचित दोन महिने चालून बंद पडेल. पण संध्याकाळचे एकवीस तास तोडण्याआधी दुपारचे तास भरून पाहिले का, याचे उत्तर टिपणात असायला हवे होते.

मुलींचा मुद्दा वेगळा लिहिते. आठवी-नववीत त्या खेळ सोडतात याचे खापर आपण घरच्यांवर फोडतो. मैदानाच्या बाजूच्या स्वच्छतागृहाला समारंभाच्या दिवशी कुलूप असते, किल्ली केटरिंगवाल्यांकडे. सराव संपतो त्या वेळी फाटकाबाहेरचा दिवा बंद. तीन दिवसांचा वर्ग केला की उरलेल्या तीन दिवसांत क्लासवाले त्यांची वेळ घेऊन टाकतील, आणि ती परत मिळणार नाही. किल्ली आणि दिवा यांना अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

अंदाजपत्रकावरून आठवले. त्याच अधिनियमाच्या कलम ३१-अ प्रमाणे ठरावीक उत्पन्नावरच्या न्यासांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयाला सादर करायचे असते. आपण ते करतोच, पण गेल्या वर्षीच्या आकड्यांत दहा टक्के मिळवून. यंदा ते विभागवार करा : खो-खो, मल्लखांब, बॅडमिंटन, व्यायामशाळा, शिबिरे, सभागृह. प्रत्येकापुढे चार रकाने पुरेत. किती तास वापरले, थेट जमा किती, थेट खर्च किती आणि इमारतीच्या सामाईक खर्चातला तासांच्या प्रमाणातला वाटा किती. एका कागदावर मावेल. तो कागद सूचनाफलकावर लावा, वर्गणीदार पालकांनाही वाचता येईल असा. त्यातूनही खो-खो तोट्यातच निघाला, तर निघू दे. निदान किती रुपयांनी, ते कळेल, आणि ते रुपये कुठून भरून काढायचे ते सभा ठरवेल. मंडळाच्या घटनेतले पहिले उद्दिष्ट ‘देशी खेळांचा प्रसार’ असे आहे. सभागृह चालवणे हे उद्दिष्टांत नाही, ते साधन म्हणून पुढे आले.

अशा संस्थांचे खरे काम काय असते, याचे दाखले महाराष्ट्रात कमी नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. या संस्थांकडे पुढे मोठ्या इमारती झाल्या, शाळा-महाविद्यालये झाली, पण आधी मैदान होते आणि मैदानावर पोरे होती. आपल्याकडे उलट क्रम लागू नये.

माझ्या मागण्या आता प्रस्तावाच्या रूपात देते. वरील विभागवार पत्रक तयार होईपर्यंत खो-खो आणि मल्लखांबाचे दिवस कमी करू नयेत आणि वर्गणी वाढवू नये. सभागृहाच्या कराराचा प्रस्ताव मागे घ्यावा, आणि पुन्हा आणायचा असेल तर कलम ३६ ची स्थिती, जागेच्या अटी आणि करसल्लागाराचे लेखी मत सोबत जोडावे. पत्रक तयार करायला सभासदांतून तीन जणांची उपसमिती नेमावी, मानधनाशिवाय. खजिनदारांवर अविश्वास म्हणून नव्हे. ते नोकरी सांभाळून रात्री नऊनंतर पावत्या लावत बसतात हे मी पाहिले आहे, आणि त्यांच्या जागी दुसरे कुणी यायला तयार नव्हते हेही मला आठवते. उपसमितीत काम करायला मी तयार आहे. जुन्या पावत्या, वीजबिले आणि नोंदवही मिळाली तर गेल्या दोन वर्षांचे विभागवार पत्रक सभेच्या आधी करून देता येईल.

हा प्रस्ताव सूचक आणि अनुमोदकांच्या सह्यांसह, घटनेतल्या मुदतीत, कार्यालयात देत आहे. पोच द्यावी आणि तो सभेच्या विषयपत्रिकेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात न टाकता अंदाजपत्रकाच्या आधी घ्यावा, कारण अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर त्यावर बोलून उपयोग नाही.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद